फ्लेक्सच्या भिंतीचा उन्हाळा

यंदाही चैत्र निम्मा झाला आणि आमच्या रस्त्यावर लाल रंगाचे डबे घेऊन माणसं आली. एकजण टेपचं टोक धरून उभा राहतो, दुसरा टेप ओढत चालत जातो, तिसरा भिंतीवर बाण काढतो. समोरच्या सायकलवाल्याच्या शटरवर एक बाण आला, आमच्या गटाराच्या कठड्यावर एक. कोणी म्हणतं पूल होणार, कोणी म्हणतं नुसतीच मोजणी आहे. मी वरच्या गॅलरीत कैरीच्या फोडींना मीठ चोळत होते. ओल्या रंगाचा वास वर आला आणि माझा हात आपसूक पदराकडे गेला. पन्नाशीच्या बाईनं स्वतःच्या गॅलरीत असा घाईघाईनं पदर सावरावा, असं खाली काहीच घडत नव्हतं. पण ह्या वासाबरोबर मला अजून वाटतं, कोणीतरी बघतंय.

ह्या रस्त्याला सरकारदरबारी राज्य महामार्ग म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, एवढं मोठं नाव आहे म्हणजे हा थेट दिल्लीला जात असणार. तो कल्याणहून निघतो, उल्हासनगरच्या कॅम्पांमधून, फर्निचरच्या दुकानांमधून आणि जीन्सच्या गठ्ठ्यांमधून अंग चोरत अंबरनाथला येतो आणि बदलापूरपर्यंत पोचतो न पोचतो तोच दमतो. माझं अख्खं आयुष्य ह्याच्यावरच गेलं. माहेर कॅम्प पाचला, सासर अंबरनाथला. लग्न होऊन सासरी निघाले तेव्हा मी रीतीप्रमाणे रडायला सुरुवात केली, आणि नीट सूर लागायच्या आत घर आलं. आयुष्यात फार लांबचा पल्ला गाठला असं मला कधी म्हणता यायचं नाही. महामार्गानं गेले, एवढंच म्हणता येईल.

माहेरी आम्ही निर्वासितांच्या जुन्या बराकीत राहायचो. शेजार सगळा सिंधी. कोणाकडेही गेलं की आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढे यायचा, मग चौकशी. दारं दिवसभर सताड उघडी. एखाद दिवशी दार लोटलेलं दिसलं की शेजारची काकी बाहेरून ओरडायची, "छा थियो? कोणी आजारी आहे काय?" अशा घरातून आलेल्या मुलीला उघडं पडण्याची लाज वाटू नये खरं तर. पण सासरी आल्यावर मला एक बाहेरची खोली मिळाली. तिच्यात काचेचं शोकेस, शोकेसमध्ये कपबशा, आणि दाराला घुंगरांचा पडदा. त्या पडद्यानं माझं डोकं फिरवलं. आत भांडण, बाहेर 'या, बसा'. आत शिळ्या भाताला फोडणी, बाहेर बिस्किटं. मला वाटायला लागलं, सभ्य घर म्हणजे हेच.

ती खोली महामार्गानं नेली.

बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात भिंतींवर असेच लाल बाण आले आणि आमच्या बाजूची सगळी घरं रुंदीकरणात आली. पिवळं मशीन आलं आणि चहा निवायच्या आत ओटा आणि बाहेरची खोली गेली. धूळ खाली बसल्यावर मी पाहिलं तर रस्ताभर घरांच्या पोटातले रंग बाहेर आलेले. कोणाचा पिस्ता, कोणाचा गडद निळा, आमचा गुलाबी. ज्या भिंती फक्त घरच्यांनी पाहायच्या, त्यांच्यावर खिळ्याला अडकवलेली कॅलेंडरं, बाळांच्या उंचीच्या खुणा, फोडणीचे डाग. शेजारच्या घरात तर मोरीच पुढे आली होती. एवढी वर्षं आम्ही एकमेकांना "तुमचं घर फार टापटीप हो" म्हणत आलो होतो. त्या दिवशी कोणी कोणाकडे बघितलं नाही.

भिंत बांधू म्हटलं तर मोजणीचे साहेब म्हणाले, "पक्की मोजणी होऊ द्या. आत्ता बांधलीत तर तीही तोडावी लागेल." अगदी प्रेमानं म्हणाले. त्यामुळे उरलेली मधली खोली आणि स्वयंपाकघर घेऊन आम्ही चौघं रस्त्याच्या तोंडावर राहायला लागलो. मी, माझा नवरा, सासूबाई आणि नणंद वंदू.

तीन भिंतींच्या घरात माणूस काय काय शिकतो! आम्ही खुणांनी भांडायला शिकलो. ह्यांनी बनियनवर वावरणं सोडलं आणि घरात शर्ट घालून बसायला लागले. क्लार्क रजेवर असावा तसे दिसायचे. मी तर भाकरीसुद्धा जरा नजाकतीनं थापायला लागले होते. समोर रस्त्याचं काम, त्यामुळे गाड्या तुंबलेल्या. रिक्षात अडकलेल्यांना करमणूक नको का? आमच्या टीव्हीवर मॅच लागली की एखादा बाइकवाला हेल्मेट काढून म्हणायचा, "काका, आवाज वाढवा जरा." मी वाल सोलायला बसले की रिक्षातली बाई विचारायची, "कडवे आहेत का हो? कसे आणलेत?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी पाठ करून बसायचे. मग पाठ दिसते म्हणून पुन्हा वळायचे.

सासूबाईंना ह्यातलं काही नव्हतं. त्या ह्या मातीतल्या. त्यांच्या लहानपणी हा रस्ता म्हणजे भाताच्या शेतांतून गेलेली एकेरी डांबराची पट्टी होती. दोन्ही हात कमरेवर ठेवून त्या कडेला उभ्या राहायच्या आणि अडकलेल्या ट्रकवाल्याला पाणी द्यायच्या, बसमधल्या रडणाऱ्या पोराला चुचकारायच्या. मेच्या अखेरीस डोंगराकडच्या ठाकर बाया करवंदं आणि जांभळं घेऊन रस्त्यावर बसतात, त्यांना ह्या हाक मारून आत सावलीला बोलवायच्या. आत म्हणजे कुठे, तेही आता सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "आई, सगळे बघतात हो." तर म्हणाल्या, "बघूंदे गो. आपण काय चोरी करून जेवताव?"

पण रात्री निजायचं, कपडे बदलायचे, त्याला आडोसा हवाच. ताडपत्री लावली ती ट्रकच्या वाऱ्यानं फाटली. चादरी लावल्या त्या धुळीनं जड होऊन दोऱ्या तुटल्या. मग ह्यांनी एका मंडपवाल्याकडून फ्लेक्स आणला. आमच्या भागात फ्लेक्सला तोटा नाही. वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी तो कोणाच्या तरी छपरावर जातो. आमच्या वाट्याला आलेला फ्लेक्स एका होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा होता. मधोमध ते स्वतः, गॉगल लावून, फोनवर बोलताना. भोवती गोल गोल चौकटींत शुभेच्छुक. घराच्या तोंडाला बरोब्बर बसला, जणू माप घेऊन छापला होता.

प्रश्न एकच आला. तोंडं आत करायची की बाहेर?

मी म्हटलं आत. निदान रस्त्यावर शोभा नको. सासूबाई उसळल्या. "आत? त्या गॉगलवाल्याच्या म्होरं मी लुगरा कशी बदलू? आनि बाकीचं धा-वीस बापये हायेत ते? मना नाय जमायचा!"

हे म्हणाले, "अगं आई, फोटो आहेत ते."

"तुझ्या बापसाचा फोटो हाय ना भिंतीवं? त्याच्या म्होरं पन मी पाठ करूनच बदलते."

तोंडं बाहेर केली. आमच्या घराची पुढची भिंत त्या दिवसापासून रस्त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला लागली.

दोन दिवसांत लोकांनी ठरवून टाकलं की गॉगलवाल्यांनी इथे कार्यालय उघडलं. सकाळी एक गृहस्थ फ्लेक्सची कड उचलून आत आले, मी केस विंचरत होते, आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या गल्लीत पाणी नाय चार दिवस." एक रिक्षावाला आला, त्याला कुठल्या तरी दाखल्यावर सही हवी होती. मी लाजून चूर. सासूबाई मात्र रमल्या. पाटावर बसून त्या प्रत्येकाचं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी गंभीरपणे म्हणायच्या, "सांगताव त्यांना." माणसं समाधानानं जायची. आता आठवून मी हसते, चारचौघांत हा भाग रंगवून सांगते, नात्यातली भाचेमंडळी तर फर्माईश करतात, "मामी, गॉगलवाला सांग ना!" मी सांगते आणि इथेच थांबते. पुढचं सांगत नाही. सासूबाई होत्या तोवर त्याही थांबायच्या.

पुढचं वंदूचं आहे.

वंदू तेव्हा तिशीला टेकलेली. एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायची. कामात चोख, बोलायला कमी. दोन-तीन स्थळं येऊन गेली होती. 'कळवतो' म्हणून गेली आणि कळवायचं राहून गेलं. आगरी घरात तिशीची मुलगी म्हणजे सगळ्या नातेवाइकांच्या जिवाला घोर. त्यात उन्हाळा, लग्नसराई. रोज संध्याकाळी कुठून तरी हळदीचा डीजे वाजायला लागायचा आणि आमचं जेवण मुकाट्यानं व्हायचं. वंदू ताटातलं संपवून उठायची आणि भांडी घासायला घ्यायची, डीजेपेक्षा मोठा आवाज करत.

अशात बदलापूर गावातून स्थळ आलं. मुलगा शांत, नोकरीला, घरची थोडी जमीन. आम्ही म्हटलं, भिंत होईपर्यंत थांबा. पण त्यांच्याकडे घाई होती, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे जास्त होती. वंदू एवढंच म्हणाली, "वहिनी, इथे नको ना. तुझ्या माहेरी करू या." मी हो म्हटलं होतं. पण सासूबाईंच्या मते मुलगी दाखवायची ती स्वतःच्या घरात. दुसऱ्याच्या घरात दाखवली की लोक म्हणतात, ह्यांना घर नाही. ह्यांनी आईची बाजू घेतली. मग माझंही 'हो' कुठे गेलं कोण जाणे.

रविवारी सकाळी आम्ही जमीन सारवल्यासारखी पुसली, फ्लेक्स धुतला, आतून त्याला माझ्या दोन चांगल्या चादरी लावल्या. आतून बघितलं तर अगदी खोली वाटत होती. पोहे झाले. वंदू मोरपंखी साडी नेसून मधल्या खोलीत खुर्चीवर बसली. बाहेर नेहमीप्रमाणे गाड्या तुंबलेल्या. त्या तुंबलेल्या गाड्यांतच पाहुण्यांची गाडी आली. मुलगा, त्याची आई आणि त्याचे मामा उतरले. हे स्वागताला पुढे गेले, फ्लेक्सची कड उचलून धरली, "या, या, जरा वाकून या."

मामा वाकले नाहीत. ते फ्लेक्सकडे बघत उभे राहिले.

"हा कोण लावलाय?"

हे हसत म्हणाले, "काय नाय मामा, आडोसा. फुकट मिळाला."

"ह्याच्या पायाखालून मी वाकून यायचा?" मामांचा आवाज चढला. "वॉर्डात आमचं तिकीट ह्यानंच कापलं. आन आज ह्याच्या तंगडीखालून मी सोयरीक करायला येऊ? चल र, गाडीन बस." हे त्यांनी भाच्याला म्हटलं.

मुलाची आई मधे पडली, "दादा, अहो, फोटोच आहे." पण मामा गाडीचं दार उघडून उभे. आमच्या घरात जे काही झालं ते एका क्षणात झालं. सासूबाई, ज्या सगळ्या रस्त्याला पुरून उरल्या होत्या, त्या एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, "काढ रं तो. काढ. पावनं चाललं." ह्यांनी विळी घेतली, स्टुलावर चढले आणि दोऱ्या कापल्या. स्टूल मी धरलं होतं.

फ्लेक्स चादरींसकट खाली आला. आणि आत, खुर्चीवर, हातात पोह्यांचा ट्रे घेऊन, वंदू.

समोर महामार्ग गच्च भरलेला. एक बस, तिच्या सगळ्या खिडक्या आमच्याकडे. रिक्षा, टेम्पो, बाइका. मग बसमधून कोणीतरी ओरडलं, "अरे, लडकी देखने का प्रोग्राम है!" लोक हसले. वाईट हसले नाहीत, लग्नघरात हसतात तसे हसले. एका बाइकवाल्यानं मुलाला सांगितलं, "भाई, हां बोल दे, लडकी अच्छी है!" टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून दुजोरा दिला. कोणी मोबाइल वर केला. मामा खूश होऊन आत आले, ऐसपैस बसले. म्हणाले, "आता कसं मोकळं वाटतंय." मुलगा बिचारा मान खाली घालून पोह्यांतले शेंगदाणे बाजूला सारत राहिला. मुलाच्या आईनं वंदूला नाव विचारलं, शिक्षण विचारलं. वंदूनं सगळ्याची उत्तरं दिली. आवाज अगदी सरळ. बसमधले लोक "काय म्हणाली? काय म्हणाली?" करत एकमेकांना पुढे सांगत होते. मी चहा ओतत होते. वंदूकडे बघवत नव्हतं म्हणून मी चहाकडे बघत होते, आणि तरी तो बशीत सांडला.

सगळं पार पडलं. पाहुणे गेले, बस गेली, रस्ता मोकळा झाला. सासूबाई म्हणाल्या, "बरां झाला. मान्सा चांगली हायेत." आम्ही माना डोलावल्या. हे फ्लेक्सची घडी घालायला लागले.

वंदू स्वयंपाकघरात गेली आणि घरातला गाऊन घालून बाहेर आली. हातात ती मोरपंखी साडी. स्टुलावर चढून तिनं वरच्या आकड्यांना दोरी बांधली, साडी दुहेरी केली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरून लावली. आम्ही तिघं बघत उभे. मदत करायला कोणी पुढे झालं नाही आणि नको म्हणायलाही. पदराची नक्षी रस्त्याच्या बाजूला गेली. मग ती उतरली आणि तिनं पोह्यांच्या बशा धुवायला घेतल्या.

चार दिवसांनी निरोप आला. मुलगी पसंत आहे. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. वंदू कामावरून आली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "त्यांना सांगा, त्यांनी पाहिली ती मुलगी बाहेर दोरीवर आहे. पाहिजे तर घेऊन जा."

"वंदे, काय बोलतंस!" सासूबाईंना रडू फुटलं. "मान्सा काय वायट होती का?"

"नव्हती," वंदू म्हणाली. "त्यांना फक्त फ्लेक्स खटकला. त्याच्या लगेच मागे मी बसलेय हे त्यांना ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं."



ह्या वाक्याला मी पुष्कळ उत्तरं शोधली. उन्हाळ्याला दोष दिला, रुंदीकरणाला दिला, मामांना तर यथेच्छ दिला. घरात एकटी असले की मी वंदूशी मनातल्या मनात वाद घालते आणि प्रत्येक वेळी माझी बाजू अर्ध्यावर येऊन गप्प होते. लाज म्हणजे उघड्यावर पडणं असं मी धरून चालले होते. महिनाभर पदर सावरत होते, पाठ फिरवत होते, चादरी लावत होते. तेवढ्या उघड्यावर काय होतं? वाल सोलणं, भाकरी थापणं, ह्यांचे बनियन. त्यातलं काहीच लाजेचं नव्हतं. लाजेचं जे होतं ते आम्ही शर्ट घालून, पाहुण्यांसमोर, अदबीनं केलं.

साडी पाऊस येईपर्यंत तशीच राहिली. ट्रकच्या वाऱ्यानं ती आत फुगायची, मग बाहेर ओढली जायची. आता कोणी तक्रारी घेऊन आत येईना. रिक्षातल्या बाया भाजीचा भाव विचारीनात. घर एवढं छान झाकलं होतं की मला तेव्हाच सुखानं राहता यायला हवं होतं. पावसाच्या तोंडावर मोजणी पक्की झाली, गवंडी आला, साडीला हात लावून म्हणाला, "ये कपड़ा निकालूं क्या?" घरात आम्ही तिघंही होतो. तिघंही म्हणालो, "थांब, तिला येऊ दे." तो बिडी ओढत संध्याकाळपर्यंत बसून राहिला.

भिंत झाली. नवा पडदा आला. वंदूसाठी आम्ही पुन्हा कोणाला बोलावलं नाही, तिनंही विषय काढू दिला नाही. भांडली नाही, अबोला धरला नाही; सणाला पुरणपोळ्या लाटायला बसायची, माझी चेष्टा करायची. फक्त घरातला कुठलाही निर्णय आला की उठून आत जायची. काही वर्षांनी तिनं बदलापूरला स्वतःचं घर घेतलं, कर्ज काढून. आणि एक दिवस तिचा फोन आला.

"वहिनी, मी लग्न केलं. कंपनीतलाच आहे. नोंदणी परवा झाली. रविवारी घरी जेवण ठेवलंय, चौघं-पाचजण आहोत. तुम्ही तिघं या."

आगरी घरातल्या मुलीचं लग्न, आणि हळद नाही, डीजे नाही, लग्न लावणारी धवलारीण नाही की तिची गाणी नाहीत. घरच्यांना आमंत्रण तेही फोनवर, जसं ऑफिसातल्यांना देतात तसं. सासूबाईंनी ऐकलं. मग त्यांनी ट्रंकेतून ठेवणीतलं लुगडं काढलं आणि मला म्हणाल्या, "वेळेवं निघू."

रविवारी आम्ही रिक्षा करून निघालो. तोच रस्ता, आता रुंद, दोन्ही बाजूंना नव्या भिंती. वंदूच्या इमारतीत लिफ्ट बंद होती. सासूबाई जिन्यात दोनदा टेकल्या, पण थांबूया म्हणाल्या नाहीत. वर पोचलो तर वंदूच्या घराचं दार सताड उघडं होतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी हसत होतं, तळणीचा वास सुटला होता. सासूबाई आयुष्यात कोणाच्या उघड्या दारात कधी थांबल्या नव्हत्या. हाक मारत आत शिरायचं, हीच त्यांची रीत.

त्या दिवशी त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, चपला हातभर लांब काढून ठेवून. त्यांच्यामागे हे, ह्यांच्यामागे मी. आतून कोणाचं लक्ष नव्हतं. हे हलकेच म्हणाले, "आई, चल की आत."

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "तिला बोलवूंदे."

मग वंदू हात पुसत बाहेर आली, आम्हाला तसं रांगेत उभं पाहून थबकली, आणि तिनं आईकडे बघितलं. आम्ही उभे होतो.

"या," ती म्हणाली.